मुठीतली सुपारी

भागाबाईची लेक पुनाबाई, पुनाबाईची लेक ताईबाई आणि ताईबाईची लेक ही तानुबाई. वंश सांगायचा तो पुरुषांच्या नावांनी, अशी सगळ्या खानदेशाची रीत. पण हाताच्या जोराची गोष्ट निघाली की तानुबाई तो असा माहेरच्या बायकांकडून सांगे आणि कोणी हरकत घेतली तर त्याच्याकडे नुसती बघे. भागाबाईने बुजलेल्या बैलाची वेसण घरापासून वेशीपर्यंत सोडली नव्हती. दमला तो बैल. पुनाबाई ओल्या लुगड्याला असा पीळ घाली की दांडीवर पडेपर्यंत ते निम्मं वाळलेलं असे. आणि ताईबाईबद्दल तर तिचे यजमानच सांगत की हिने एकदा माझं मनगट धरलं, तेव्हापासून मी वाद घालण्याचं सोडून दिलं.

अशा तीन पिढ्यांचं देणं अंगात घेऊन आलेल्या तानुबाईच्या हातून गेल्या दिवाळीत भरला तांब्या पडला.

तांब्या पडला याचं कोणाला काही वाटलं नसतं. पडतो कधी तांब्या. पण तो पाटावर बसलेल्या थोरल्या मुलाच्या, लीलाधरच्या पुढ्यात पडला आणि लीलाधर वकील होता. धुळ्याच्या कोर्टात रोज साक्षीपुरावे पाहणाऱ्या माणसाला पडलेला तांब्या हा नुसता तांब्या दिसत नाही.

त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात तानुबाईला मोठा ताप आला होता. तापातून उठली तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली. पण पंधरा दिवस संपले हे घरात कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. धाकटा मुलगा पितांबर गावी राहून कपाशीची शेती बघे. त्याने आईसाठी ओसरीवर गादी घातली, मागे तक्क्या ठेवला. थोरली सून सुनंदाबाई धुळ्याहून मऊ शाल घेऊन आली. धाकटी सून पुष्पाबाई पाण्याचा पेलादेखील सासूच्या ओठाशी नेऊ लागली. तानुबाई जात्याकडे वळली की कोणीतरी धावे, "नको माय, लोक काय म्हणतील?" बादलीला हात घातला की दुसरं कोणी धावे. सत्तरी उलटलेल्या आईने घरात काडी उचलली तर सात गावांत मुलांची छी-थू होईल, अशी त्या बोरी नदीकाठच्या साऱ्या मुलखाची ठाम समजूत होती आणि तानुबाईची मुलं आईवर मनापासून प्रेम करणारी होती. त्या प्रेमाने वर्षभरात तिच्या हातांची जी दशा केली, ती तापालाही साधली नव्हती.

दिवाळीनंतर लीलाधर तिला अमळनेरहून एस.टी.ने धुळ्याला घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते, पण घाई न करणारे. त्यांनी आपल्या उजव्या हाताची दोन बोटं तिच्या मुठीत दिली.

"आजी, दाबा."

तानुबाईने दाबली.

"दाबा की."

"दाबीच तं ऱ्हायनी, बाबा."

डॉक्टरांनी बोटं काढून घेतली. "घरी काय काम करतात या?"

"काम?" लीलाधरला त्या प्रश्नाचाच राग आला. "काडीला हात लावू देत नाही आम्ही!"

"मग जोर कुठून येणार वकीलसाहेब? म्हातारपणी माणूस आधी मुठीतून जातो, मग पायांतून. पडणं, अंथरूण धरणं, सगळं त्यामागून येतं. हात चालते ठेवा त्यांचे."

परतीच्या गाडीत मायलेक शेजारी बसले, तेव्हा डॉक्टरांच्या बोलण्याची वाटणी झालेली होती. माणूस आधी मुठीतून जातो, हा वाटा लीलाधरच्या पदरात पडला होता आणि त्याने खिडकीबाहेर बघत ठरवून टाकलं होतं की आता आईला खेड्यात ठेवणं धोक्याचं. हात चालते ठेवा, हा वाटा तानुबाईने लुगड्याच्या ओच्यात बांधल्यासारखा घरी आणला आणि कोणाला दाखवला नाही.

संधी मिळाली ती चांदरीमुळे. चांदरी ही गोठ्यातली सर्वांत दुभती आणि सर्वांत आगाऊ म्हैस. कपाळावर पांढरा टिळा आणि पायात भलताच ताठा. तानुबाईने धार काढायचं सोडल्यापासून तिने पुष्पाबाईला एकदाही सुखाने बसू दिलं नव्हतं. एका सकाळी लाथेसरशी कासंडी लवंडली, दूध शेणात गेलं आणि पुष्पाबाई कपाळावर हात मारून तिथेच बसली.

"हो बाजूले," दारातून आवाज आला.

"माय, तुम्ही नको. धुळ्याचे भाऊ काय म्हणतील?"

"धुळाना भाऊ आठे धार काढाले येस का?"

तानुबाई बसली. कासेवरून पाण्याचा हात फिरवला, तशी चांदरीने पान्हा सोडला. ओळख तिने ठेवली होती. पण पाच-सहा पिळांतच तानुबाईचा अंगठा बधिरला, बोटं एकेक करून नाही म्हणू लागली. कासंडीचा तळदेखील नीट झाकला नाही. चांदरीने मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं की त्या नजरेपुढे तानुबाईला, सुना आल्यापासून पहिल्यांदाच, मान खाली घालावी लागली.

"आजले इतलंच," ती उठत म्हणाली. "सकाय परत."

पुष्पाबाईने उरलेली धार काढली आणि चांदरीने आश्चर्य म्हणजे ती काढू दिली. सासू-सुनेचा तह तिथेच झाला. सासू रोज जमेल तेवढी धार काढणार, सून तोंड मिटून राहणार. त्याच्या मोबदल्यात म्हैस सुनेला लाथ मारणार नाही. धुण्याच्या दगडावरही तोच तह चालू झाला. लुगड्याचं एक टोक सुनेकडे, एक सासूकडे. सुरुवातीला तानुबाईच्या हातून टोक निसटे आणि पुष्पाबाई न्हाऊन निघे. माघात निसटायचं थांबलं. फाल्गुन उजाडला तसा पीळ असा पडू लागला की पुष्पाबाईलाच आपलं टोक सांभाळण्यासाठी पाय रोवावे लागत.

"माय, हळू! मी पण पिळली जाईन."

"मंग धर ना घट्ट! आते कोन म्हातारी शे आपलाम्हा?"

घरात हे तिसऱ्या एकाच माणसाला ठाऊक होतं. तानुबाईचे यजमान निंबा आबा ऐकायला कमी येतं या सबबीवर घरातल्या सगळ्या भांडणांपासून अलिप्त राहात आणि दूध पिताना मात्र नेमके बोलत. "धार काढनारना हात बदलना वाटस," ते पेल्यातून मान वर न काढता म्हणत. पितांबर समोरच बसलेला असे. त्याला वाटे, आबांना चव कळेनाशी झाली.

वैशाखात शेवंताचं लग्न निघालं. शेवंता ही पितांबरची थोरली, तानुबाईच्या मांडीवर वाढलेली नात, मुलगा नरडाण्याचा. हळदीच्या दिवशी ओसरी पाहुण्यांनी गच्च भरली आणि लीलाधरने नेमका तोच मुहूर्त साधला. साक्षीदार पुष्कळ असले की निकाल पक्का होतो, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं.

"सगळे आहेत म्हणून सांगतो," त्याने घसा साफ केला. "लग्न आटोपलं की माय आमच्याबरोबर धुळ्याला येईल. कायमची. तिच्यासाठी खोली तयार केली आहे, खिडकी रस्त्याकडे आहे, वर पंखा लावला आहे."

पितांबरने मान हलवली. भावाभावांचं आधीच बोलणं झालेलं दिसलं. सुनंदाबाई पदराशी चाळा करत राहिली. सासू आली तर आनंदच, पण धुळ्याचं स्वयंपाकघर एका बाईपुरतंच होतं आणि तानुबाई कोणाच्या स्वयंपाकघरात दुसरी म्हणून राहील, असं तिला स्वप्नातही दिसलं नव्हतं.

"आनि तठे जाईसन काय करू?" तानुबाईने विचारलं.

"काहीच करायचं नाही. तेच तर सांगतोय."

"तेच तं ऐकी ऱ्हायनी मी."

"माय, हट्ट नको. डॉक्टरांनी बोटं दिली होती तुझ्या हातात. मी समोर होतो. मुठीत जोर उरलेला नाही, आणि हे मी नाही, डॉक्टर म्हणतात. इथे विहीर आहे, गोठा आहे, ओटे आहेत. पडलीस म्हणजे?"

तानुबाईने गादीवरचा तक्क्या बाजूला सारला आणि ती ताठ बसली. हे घर सोडायचं म्हणजे काय सोडायचं, ते तिने मनात एकदा फिरवून पाहिलं: पहाटेचा गोठ्याचा वास, दळणाचा आवाज, परसातली स्वतः लावलेली लिंबं, आणि कोणालाही न विचारता उठून कुठेही जाण्याची मोकळीक. पंख्याखाली बसून रस्त्यावरचे टांगे बघत ती फार दिवस जगणार नव्हती, हे तिला डॉक्टरांहून चांगलं कळत होतं.

"लीलाधर," ती म्हणाली, "परवा सुपारी शे ना?"

सुपारीचा खेळ कुठल्या लग्नात नसतो? नवरीच्या मुठीतली सुपारी नवऱ्याने एका हाताने सोडवायची, नवऱ्याच्या मुठीतली नवरीने दोन्ही हातांनी. पण या दोन घराण्यांत त्यानंतर आणखी एक डाव होई. दोन्हीकडच्या सर्वांत थोर विहिणी समोरासमोर बसत. आधी वरपक्षाने वधूपक्षाची मूठ उघडायची. विहिणीला जमलं नाही तर तिच्या सुनेने हात घालायचा. मग उलट. बायका विहिणींची गाणी म्हणत आणि गाणं संपेपर्यंत जी मूठ मिटलेली राहील ती जिंकली.

"परवा मनी मूठ उघडनी," तानुबाई म्हणाली, "तं तुनासंगे गाडीम्हा बसीसन धुळाले येसू. एक शब्द बोलाव नही. नही उघडनी, तं मी आठेच. धार, दयन, धुनं, जे माले जमी ते बठ्ठं मी करसू आनि तुम्हीन कोनी हात धराना नही. धुळानं नाव बी काढानं नही. शे कबूल?"

लीलाधरला आईची ती कापसाच्या वातीसारखी बोटं आठवली. त्याने पितांबरकडे पाहिलं, पितांबरने पुन्हा मान हलवली.

"कबूल."

"अहो, जरा विचार करा," सुनंदाबाई पुटपुटली.

"केला आहे."

पुष्पाबाई एकाएकी उठून आत गेली, आणि हळदीची वाटी घ्यायला गेलेली बाई माजघरात पदर तोंडात कोंबून का हसते आहे, ते कोणाला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी नरडाण्याची मंडळी आली. माणसं रेल्वेने अमळनेरला उतरली, सामानाच्या बैलगाड्या आदल्या दिवशीच निघून रस्त्याने आल्या होत्या. वराची आजी भिकुबाई उतरली ती दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून. तानुबाईहून दोन वर्षांनी लहान, पण अंगावर चरबीची मऊ घडी पडलेली, पावलं तोलून टाकणारी. मुलगा अभिमन तिच्यासाठी गावाहून खास गादी घेऊन आला होता. माय जिथे जाईल तिथे ती गादी जाई.

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रुखवत मांडण्याच्या निमित्ताने तानुबाईने तिला माजघरात नेलं आणि दार ओढून घेतलं.

"तुले याद शे का वं, मनी नणंद तुना घर दिधी तो दिवस?"

"पन्नास वरीस व्हयनात," भिकुबाई हसली. "काय याद ऱ्हास?"

तानुबाईच्या मात्र तो दिवस कालच्यासारखा डोळ्यांपुढे होता. तेव्हा ती या घरात नवी सून होती. पोटातलं पहिलं मूल राहिलं नव्हतं, अंगात रक्त नव्हतं, आणि तिची सासू उघड म्हणू लागली होती की हिच्यात काही दम नाही, निंबासाठी दुसरी बघावी. सासू त्या दिवशी दुखण्याने निजलेली, म्हणून सुपारीच्या डावाला तानुबाईला बसवलं होतं. समोर आपल्या सासूच्या जागी हात घालायला बसलेली नरडाण्याची तरणीताठी भिकुबाई. साऱ्या गावाचे डोळे त्या मुठीवर. गाणं निम्म्यावर आलं तोच तानुबाईची करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट सुटलं, आणि भिकुबाईला ते कळलं होतं. तिचा अंगठा त्या फटीत पोचलाही होता. तिने मान वर करून तानुबाईच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि दोन्ही हातांनी ती मूठ उलट दाबून धरून गाणं संपेपर्यंत उघडण्याचं सोंग केलं. त्या संध्याकाळी सासू म्हणाली होती, नाही, पोरीत जोर आहे. दुसरीचं नाव पुन्हा निघालं नाही.

"तुले याद नसी, माले शे," तानुबाई म्हणाली. "तू मना संसार ठेवा. ते देनं मनावर शेच. पन यावेळे तसं करू नको, भिकू. हात राखू नको. मी खरी जितनी पाहिजे, नही तं खरी हारनी पाहिजे. बठ्ठा जोर लाव. शपथ शे तुले."

भिकुबाईने आपले हात पदराखाली घेतले.

"लावसू वं," ती म्हणाली. "जितला शे तितला लावसू."

लग्न लागलं, पंगती उठल्या. भरताची वांगी भाजल्याची राख अजून परसात धुमसत होती, तोच मांडवात पाट मांडले गेले. नवरा-नवरीचा डाव झटकन झाला. शेवंताने सुपारी अशी धरली की नवऱ्याचे मित्र त्याला एका हाताऐवजी चार हात वापरायला सांगू लागले. मग हाक उठली, "विहिणी! विहिणी!"

पंच म्हणून निंबा आबांना बसवलं होतं.

"पंच तिना नवरा!" नरडाण्याच्या बायका ओरडल्या. "हाई काय न्याय शे?"

"माले ऐकू येत नही," आबा म्हणाले. "मी फक्त देखस. आनि बायकोनी बाजू घेवानी हिंमत मन्हाम्हा कधीच नव्हती."

तानुबाईने हळदीत माखलेली सुपारी उजव्या मुठीत घेतली. लीलाधर पुढे येऊन उभा राहिला. भिकुबाई गादीवर बसली, दोन्ही हात पुढे केले, आणि गाणं सुरू झालं. त्या गाण्यात एकेका विहिणीचं नाव गुंफून एकेक कडवं व्हायचं; वधूकडच्या बायका नावं भराभर उरकू लागल्या, वराकडच्या मुद्दाम संथ लयीत ओढू लागल्या.

भिकुबाईची बोटं मुठीवर आली. तानुबाई सज्ज झाली. क्षण गेला, दुसरा गेला. बोटं करंगळीवर चढली, सरकली, पुन्हा चढली. त्यांचा दाब एखाद्या लहान मुलाने हात धरावा इतकाच होता.

तानुबाईचं माथं तापलं. शपथ घालूनही ही बाई पुन्हा दया करते आहे!

"भिकू," ती दातांवर दात ठेवून कुजबुजली, "हात राखू नको म्हनं ना मी!"

भिकुबाईने वर पाहिलं. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ओठ घट्ट मिटलेले. जोर करणाऱ्या माणसाचाच तो चेहरा होता.

"राखेल नही वं," ती हळूच म्हणाली. "आते इतलाच शे."

ते हात ती ओळखत होती. गेल्या दिवाळीत ते तिच्याच मनगटांना जोडलेले होते.

"विहीण दमली!" वराकडून हाक आली. "सून बसवा! लताबाई, बस तू!"

लताबाई म्हणजे अभिमनची बायको. कपाशीच्या गाठोड्यांखाली वाढलेली, मनगट इतकं रुंद की बाजारातली बांगडी चढू नये, अशी बाई. तिने पदर खोचला, सासूला अलगद बाजूला केलं आणि खाली बसताच तानुबाईच्या मुठीवर झडप घातली. हा मात्र खरा हल्ला होता. लताबाईने वरवर हात घालण्याचा वेळ न घालवता थेट करंगळीच्या मुळाशी अंगठा रोवला. तानुबाईच्या खांद्यापर्यंत कळ गेली. वराकडच्या बायकांनी गाण्यात माहेरच्या, मावशांच्या, मेलेल्या आणि अजून न जन्मलेल्या विहिणींचीही नावं घालायला सुरुवात केली.

"नावं संपनात तं संपवा ना!" पुष्पाबाई ओरडली. "गाव मोजत बसता का?"

"तू गप, तुझी सासू हरते आहे!"

"कोण हरतंय? माझ्या सासूने रोज पहाटे चांदरीची धार काढली आहे, दिवाळीपासून! लुगडी पिळली आहेत माझ्याबरोबर! बघूच कोण उघडतं ते!"

पितांबरने वळून बायकोकडे पाहिलं. लीलाधरने पितांबरकडे पाहिलं. आबांना ऐकू येत नव्हतं, पण ते हसले. आणि जिच्याकडून ही अपेक्षा कोणालाच नव्हती ती सुनंदाबाई पुढे होऊन नवऱ्याला म्हणाली, "सरका जरा मागे, वारा येऊ द्या मायंना," आणि वधूकडच्या गाण्यात तिने आपला आवाज मिसळला.

तानुबाईला यातलं काही धड ऐकू आलं नाही. तिला पहाटेचा गोठा दिसत होता. बोटं दुखू लागली की ती तिथे करायची तेच तिने इथे केलं: श्वास सोडला, खांदा सैल केला आणि सगळा जीव तळहातात उतरवला. लताबाईचा अंगठा आत घुसू पाहात होता, त्यावर ती मूठ आणखी आवळत गेली. करंगळी सुटली नाही. शेवटी वराकडच्या बायकांना नावं आठवेनात, लय अडखळली आणि गाणं पडलं.

"मूठ मिटेल शे," निंबा आबांनी निकाल दिला. "माले दिसस."

मांडवात एकच गदारोळ उठला. लताबाईने हात झटकले आणि मोकळ्या मनाने तानुबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "मावशी, हा हात शे का सांडशी?"

लीलाधर उभाच होता. तानुबाईने मूठ उघडून हळदीची सुपारी त्याच्या तळहातावर ठेवली, आणि मग आपली दोन बोटं पुढे केली.

"दाब," ती म्हणाली.

त्याने दाबली. तिने बोटं वळवून त्याचाच हात धरला आणि वकीलसाहेब पायांच्या चवड्यांवर उभे राहिले.

"कबूल, माय, कबूल! सोड! मला उद्या कोर्टात सही करायची आहे!"

उलटा डाव राहिला होता. भिकुबाईने सुपारी घेतली, मूठ मिटली. मंडळी आता हसण्याच्या भरात होती. तानुबाईने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि तिला कळलं की ही मूठ मिटलेली दिसते एवढंच. फुंकर घातली तरी उघडेल. ती वाकली.

"भिकू, धरी ठेवू का मी?"

भिकुबाईच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण मान ताठ राहिली. "तू खरं मांगं व्हतं. मंग माले खोटं कसाले देस? उघड."

तानुबाईने मूठ उघडली. त्याला जोर लागलाच नाही. सुपारी गादीवर पडली तेव्हा आधी हशा झाला आणि मग, भिकुबाईचे हात सगळ्यांना दिसले तसा, तो आपोआप ओसरला.

अभिमन लगबगीने पुढे आला. "माय, चाल, गादीवर टेक. थकनी तू. म्हनीसनच आम्हीन तुले काही करू देत नही."

"अभिमन," तानुबाई म्हणाली.

तो आवाज ऐकून वाजंत्र्यांनीही वाद्यं खाली ठेवली.

"दिवाळीले मना हात असाच व्हता. मना पोरे बी तुनासारखाच, गुणना. गादी टाकी, शाल लई उनात, काडी उचलू दिधी नही. तितला लाडम्हा मी मरी जाती. तुनी माय थकेल नही. तिले बसाडी ठेयेल शे."

"पण मावशी," लताबाई खरोखर कळवळून म्हणाली, "सासूला कामाला लावली म्हणून गाव मला नावं ठेवील."

"ठेवी तं सांगजो, तानुबाईनी शपथ शे. ज्याले बोलनं शे त्यानी बोरीकाठ यावं." मग ती मुलाकडे वळली. "लीलाधर, गोठाम्हाईन चांदरी सोडी आन."

"मी?"

"तूच. हारना कोन?"

लीलाधर गेला. गोठ्यातून प्रथम एक लाथेचा आवाज आला, मग एक शब्द आला जो कोर्टात चालला नसता, आणि थोड्या वेळाने धोतरावर शेणाने माखलेल्या खुराचा ठसा घेऊन वकीलसाहेब म्हशीमागून बाहेर आले. दोर त्यांच्या हातात होता, पण कोण कोणाला आणतं आहे हे स्पष्ट नव्हतं.

पुष्पाबाईचा चेहरा उतरला. "माय, चांदरी? घरातली सगळ्यांत दुभती?"

"गोठाम्हा अजून दोन शेतस. त्या माले वळखतस नही, लाथा मारतीन. मारू दे. तितलंच काम वाढी." तानुबाई भिकुबाईसमोर उभी राहिली. "हाई आंदन नही, पोरनं नही, अभिमननं नही. हाई तुनी. हिनी धार तू काढशी, दुसरं कोनी नही. पहिला दिन चार पिळ निंघतीन. निंघू दे. ती मान वळाईसन देखी, तू लाजू नको."

अभिमनने सवयीने पुढे होऊन दोर घ्यायला हात केला. भिकुबाईने तो हात बाजूला सारला, ती गादीवरून उठली, कोणाच्या खांद्याचा आधार न घेता दोन पावलं चालली आणि लीलाधरच्या हातून दोर घेतला. हाताभोवती तिने त्याचा एक वेढा घातला, मग दुसरा, आणि त्यावर बोटं मिटली. ती पुरती मिटली नाहीत. पण चांदरीने मान ओढून पाहिली तेव्हा दोर सुटला नाही.

"भिकू," तानुबाईने विचारलं, "फिटनं का वं?"

"फिटनं," भिकुबाई म्हणाली. "बठ्ठं फिटनं."

आणि म्हैस घेऊन ती गाड्यांच्या दिशेने चालू लागली; मागे अभिमन, काखेत गुंडाळलेली गादी घेऊन.